नाव विचारले, तर थांबायलाही हवे

‘हजर’ हा शब्द उच्चारायला किती वेळ लागतो? तुम्हाआम्हाला अर्धा सेकंदही लागत नाही. शिवाजी पेठेतल्या एका शाळेत तेहेतीस वर्षे मराठी शिकवताना हा शब्द मी किती वेळा ऐकला, याचा हिशेब कोण ठेवणार? पण १९९६ साली माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीत त्याचा क्रमांक जवळ येऊ लागला, की त्याचे कान लाल होत. आधीची मुले ‘हजर’ म्हणून मोकळी होत आणि याची पाळी आली की वर्गात शांतता पसरे. तोंड उघडलेले, डोळे घट्ट मिटलेले, मानेला एका बाजूला झटका आणि शब्द घशातच रुतलेला. मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल करी. वर्ग हसे. आणि मी, आज कबूल करायला हवे, “बस रे, समजलं मला,” म्हणून पुढचे नाव पुकारी. आपण त्याच्यावर दया करतो आहोत, असे मला तेव्हा वाटत असे.

एकदा तर मी याच्याही पुढे गेलो. ‘सरावाशिवाय जीभ सुटत नाही’ या समजुतीने मी त्याला धडा मोठ्याने वाचायला उभे केले. चार ओळी त्याला पुऱ्या करता आल्या नाहीत. पोरे बाकावर डोके टेकवून हसत होती आणि त्या हसण्यात थोडेसे हसू माझेही होते. त्यानंतर वाचनाच्या दिवशी तो शाळेत दिसेनासा झाला. दहावी झाली, मुलगा उद्यमनगरात लेथवर गेला, एवढेच पुढे कानावर आले. मी ते विसरूनही गेलो. मास्तर लोक विसरतात. विद्यार्थी विसरत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तो घरी आला. आता त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. बरोबर तिसरीतला मुलगा होता. मी सवयीने विचारले, “नाव काय तुझं, बाळ?” पोराचे कान लाल झाले. मला पुढचे काही सांगावे लागले नाही.

“सर,” बाप म्हणाला, “माझ्यावर जे गेलं ते गेलं. तुमच्यावर राग न्हाई माझा. पर पोरावर तसं जायला नको. तुम्ही मास्तर हाय, सांगा काय करायचं.” एवढे बोलायला त्याला बराच वेळ लागला. या वेळी मी थांबलो. काय करायचे ते मात्र मला सांगता आले नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हते. तेव्हापासून मी वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, त्या बापलेकांबरोबर वाचा उपचारतज्ज्ञांकडेही जाऊन बसलो. त्यातून जे उमजले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आपल्याकडे पहिला घोटाळा शब्दांपासूनच आहे. बोबडे बोलणे आणि तोतरे बोलणे आपण एकाच पोत्यात भरतो. ‘र’ला ‘ल’ म्हणणारे मूल बोबडे. तोतऱ्या मुलाला प्रत्येक अक्षर नीट म्हणता येते. फक्त ते हवे त्या क्षणी सुटत नाही. कधी पहिला आवाज पुन्हा पुन्हा येतो, कधी लांबतो, कधी सगळेच अडते. शंभरातल्या साधारण पाच मुलांच्या वाट्याला हे लहानपणी कधी ना कधी येते, बहुधा दोन ते पाच या वयात. त्यांतल्या तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक मुलांचे ते आपोआप जाते. शंभरातल्या साधारण एकाबरोबर ते मोठेपणीही राहते. शाळकरी वयात मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण तिप्पट-चौपट आढळते. हजार मुलांच्या शाळेत अशी दहाएक मुले असणारच. तुमच्या शाळेत एकही नाही, असे वाटत असेल, तर ती गप्प बसायला शिकली आहेत असे समजा.

आता हे कशाने होते? भित्रेपणाने होत नाही, मंद बुद्धीने होत नाही, आईच्या लाडाने होत नाही आणि दुसऱ्या तोतऱ्या मुलाबरोबर खेळल्यानेही होत नाही. बोलण्याची जुळवाजुळव करणारी मेंदूतली यंत्रणा या मुलांत थोडी वेगळी चालते. बऱ्याच घरांत ते वारशाने येते. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून याच्याशी निगडित जनुके शोधली. बापाला आहे आणि लेकालाही आहे, यात दोघांचाही दोष नाही. भीती असते, पण ती नंतर येते. आधी शब्द अडतो, मग लोक हसतात आणि मग पुढच्या शब्दाची धास्ती बसते.

या मुलाची आजी मला म्हणाली, “सोंगं करतंय ते. आरतीला बघा की, घडाघडा म्हणतंय!” खरेच म्हणतो. तालमीच्या गणपतीपुढे टाळ वाजवत त्याने सगळ्या आरत्या एका दमात म्हटल्या. गांधी मैदानावर फुटबॉल खेळताना ‘पास दे’ म्हणून ओरडतो, तेव्हाही अडत नाही. घरातल्या मांजराशी तासभर बोलतो. पण हे सोंग नव्हे. सुरात गाताना किंवा चारजणांच्या आवाजात आवाज मिसळून बोलताना तोतरेपणा बहुतेकांचा जातो, एकटे असताना तो कमी होतो. जगभर हाच अनुभव आहे. जीभ जड नाही, हाच त्याचा पुरावा. शब्द अडतो तो समोर माणूस उभा असतो तेव्हा. म्हणजे या दुखण्यात समोरच्या माणसाचाही वाटा आहे, आणि तो समोरचा माणूस तुम्ही आणि मी आहोत.

त्याच्या बापाने मला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी रिक्षात बसताना त्याला ‘पापाची तिकटी’ म्हणता येत नसे. ‘प’वर गाडी अडायची. म्हणून तो गंगावेस सांगे आणि तिथून मागे चालत येई. हॉटेलात मिसळ खायची असली, तरी ‘म’ची धास्ती वाटून वडा मागवी. तोतरा माणूस असा दिवसभर शब्दांची अदलाबदल करत असतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. म्हणून ‘नाव काय?’ हा आपल्या लेखी सर्वांत सोपा प्रश्न त्याला सर्वांत अवघड जातो.

उपाय आपण कमी केले नाहीत. वेखंड उगाळून मधातून चाटवले, पोपटाचे उष्टे फळ खायला घातले, जिभेखाली खडे धरून बोलायला लावले. याने शब्द सुटत नाही. हसू नका, शहाण्यांनी तर याहून भयंकर प्रकार केले आहेत. १८४१ साली बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या नामांकित शल्यचिकित्सकाने तोतरेपणावर इलाज म्हणून जिभेचाच तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, तीही भूल न देता, कारण भूल तेव्हा आलीच नव्हती.

आणि १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जे घडले, ते तर प्रत्येक शिक्षकाने वाचावे. वेंडेल जॉन्सन हा प्राध्यापक स्वतः तोतरा होता. त्याच्या हाताखालच्या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातल्या बावीस मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना महिनोन्‌महिने सांगितले गेले, की तुम्ही अडखळता, तुमचे बोलणे बिघडले आहे, बरोबर बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुले पुढे तोतरी झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ती गप्प झाली, लाजरी झाली, वर्गात बोलेनाशी झाली. २००१ साली विद्यापीठाने या प्रयोगाबद्दल जाहीर माफी मागितली. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. ‘नीट बोल’, ‘सावकाश बोल’, ‘आधी मनात वाक्य जुळव आणि मग बोल’ हे मीही वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. टोकल्याने तोतरेपणा जन्माला येत नसेल, पण गप्पपणा नक्की येतो. आणि आयुष्याचे खरे नुकसान तोच करतो.

मग उपचार म्हणजे नेमके काय? बापाची अपेक्षा होती की डॉक्टर औषध देतील. तोतरेपणा घालवणारे खात्रीचे औषध आजही नाही. वाचा उपचारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, “सहा आठवड्यांत पूर्ण बरा करतो, अशी कोणी हमी दिली तर तिथे पैसे भरू नका.” अगदी लहान वयात तोतरेपणा पार जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाबाबत ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून नुसते बसून राहू नये, तज्ज्ञाला एकदा दाखवावे. सात-आठ वर्षांनंतर ती शक्यता कमी होत जाते. तेव्हा उपचाराचा हेतूही बदलतो. अडखळणे कमी करणे हा एक भाग, आणि अडखळले तरी बोलत राहणे हा दुसरा, माझ्या मते अधिक मोठा.

बाईंनी आधी त्याला घसा, जीभ आणि ओठ यांचे चित्र काढायला लावले. शब्द कुठे अडतो, तिथे तांबड्या खडूने खूण. ज्याची इतके दिवस नुसती भीती होती, ती गोष्ट कागदावर आली. मग हलकी सुरुवात करायला शिकवले. पहिला आवाज धक्का न देता, श्वासाबरोबर अलगद सोडायचा. शब्द अडला तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबून पकड सैल करायची आणि पुढे सरकायचे. गाठ ओढली की घट्ट बसते, हे आपल्या बायकांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट पाहून मी चकित झालो. बाई त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि स्वतः मुद्दाम तोतरे बोलून बिस्किटचा पुडा मागितला. मुलगा श्वास रोखून बघत होता. दुकानदाराने पुडा दिला, सुटे पैसे परत केले. आभाळ कोसळले नाही. पुढच्या आठवड्यात त्यानेही मुद्दाम अडखळून चॉकलेट मागितले. ज्या गोष्टीला लपवत आलो, ती आपणहून चारचौघांत केली की तिचा धाक ओसरू लागतो, असे हे साधे तंत्र आहे. शेवटी त्याने स्वतःची शिडी तयार केली. सर्वांत खाली मांजर, मग आजी, मग दुकान, मग वर्गातली हजेरी आणि सर्वांत वर टेलिफोन. एकेक पायरी तो आपल्या सोईने चढणार होता.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण घोडे अडले ते हिशेबात. उपचाराचा वेळ आठवड्याला एक तास, शाळेचा आठवड्याला तीस तास. एका तासात जे विणायचे, ते उरलेल्या तीस तासांत उसवले जाणार असेल, तर तज्ज्ञाने काय करावे? तोतऱ्या मुलाचा अर्धा उपचार शाळेत होतो, आणि तो करणाऱ्याला आपण उपचार करतो आहोत याची कल्पनाही नसते.

म्हणून आम्ही त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटलो. बाई मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, “सर, मी त्याला वाचायला सांगतच नाही. उगीच त्रास कशाला?” मला माझे ‘बस रे, समजलं मला’ आठवले. ही सूट दिसायला माया असते, पण मुलाच्या कानी त्यातून एकच निरोप पोचतो, की तू न बोललास तर बरे. त्याला सूट नको असते, वेळ हवा असतो. कसे वाचायला आवडेल, हे त्यालाच एकट्याला बाजूला घेऊन विचारावे. कोणाला पहिल्यांदाच वाचून मोकळे व्हायचे असते, म्हणजे पाळी येईपर्यंत झुरावे लागत नाही. कोणाला जोडीने वाचायला आवडते, आणि आवाजात आवाज मिसळला की अडखळणे कमी होते हे आपण पाहिलेच. त्याचा शब्द आपण पुरा करू नये. त्याच्याकडे नेहमीसारखे बघावे, छताकडे नव्हे. तो कसा बोलला यापेक्षा काय बोलला, त्याला उत्तर द्यावे. नक्कल करणाऱ्या पोरांना छडी दाखवण्यापेक्षा तोतरेपणा म्हणजे काय, हे एकदा अख्ख्या वर्गाला नीट समजावून सांगावे.

बाईंनी प्रामाणिक अडचण मांडली. “वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा. थांबायला वेळ कुठाय?” प्रश्न खोटा नाही. म्हणून बाईंनीच एक आठवडा घड्याळ लावून पाहिले. त्याच्या ‘हजर’ला जास्तीत जास्त दहा सेकंद लागले. दहा सेकंद! १९९६ साली मी त्याच्या बापाला जे नाकारले, ते एवढेच होते.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. योजना चांगली आहे. पण तिच्या तीस आजारांच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे, बहिरेपणा आहे, तोतरेपणाचे वेगळे नाव नाही. आणि ज्याला बोलायची धास्ती, तो पोरगा डॉक्टरांपुढे मान हलवून निघून जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या अपंगत्वाची व्याख्या आहे. उदाहरणे स्वरयंत्र काढून टाकण्याची आणि मेंदूच्या इजेने वाचा जाण्याची. तोतरेपणाचा शब्द तिथेही नाही. म्हणजे हे मूल पुरते धडधाकट नाही आणि कागदोपत्री अपंगही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि वर्गासमोर उभे करून हसे होऊ देणे छळात मोडत नाही, असे कोण म्हणेल?

तज्ज्ञ मिळणे हीही एक अडचण. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात शिक्षणाची सोय आहे, कोल्हापूर शहरातही तज्ज्ञ आहेत. पण गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरच्या आईने दर आठवड्याला मुलाला घेऊन शहरात यायचे, म्हणजे एक रोजगार बुडवायचा आणि वर एसटीचे भाडे. मोबाईलच्या पडद्यावरून उपचार आता शक्य झाले आहेत, तरी पहिली ओळख समोरासमोर व्हावी. जाण्याआधी एवढे पाहा, की संबंधितांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का. ती विचारण्यात संकोच नको.

मागणी फार मोठी नाही. तपासणी पथकाने प्रत्येक वर्गशिक्षकाला एक प्रश्न विचारावा, ‘वर्गात बोलायला अडणारे किंवा बोलणे टाळणारे मूल आहे का?’ शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला एक दुपार द्यावी. तोंडी परीक्षेत अशा मुलाला जादा वेळ द्यावा आणि ओघवतेपणाचे गुण कापू नयेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी महिन्यातून ठरावीक दिवशी वाचा उपचारतज्ज्ञ बसावा. यात इमारत बांधायची नाही की यंत्र आणायचे नाही.

आणि थोडे आपल्या पेठेलाही सांगायचे आहे. शिवाजी पेठ आवाजाची पेठ आहे. इथे पोवाडा गाजतो, फुटबॉलच्या ईर्ष्येवर रात्र रात्र वाद रंगतात, तालमीच्या कट्ट्यावर प्रत्येकाला टोपणनाव मिळते. ‘तोत्र्या’ हेही त्यांतलेच. ठेवणाऱ्याच्या मनात काळे नसते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्या कपाळी ते बसते, तो ते चाळीस वर्षे वाहतो. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज तोतरा होता. १९२६ साली त्याला लायोनेल लोग नावाचा उपचारक भेटला आणि पुढे कित्येक वर्षे मोठ्या भाषणांची तयारी दोघे मिळून करत. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारल्यावर राजाने आकाशवाणीवरून केलेले भाषण जगाने ऐकले. तेव्हाही तो बरा झालेला नव्हता, मध्येमध्ये थांबतच बोलला. पण सारे साम्राज्य त्याच्यासाठी थांबले. राजासाठी जग थांबते. आमच्या गल्लीतल्या लेथवाल्याच्या पोरासाठी कोण थांबणार, एवढाच प्रश्न आहे.

हा मुलगा पूर्ण बरा झाला, असे सांगून मी लेख गोड करणार नाही. अजून अडतो. परीक्षेच्या दिवसांत जास्त अडतो. पण हजेरीला आता तो स्वतः ‘हजर’ म्हणतो, आणि परवा मधल्या सुट्टीत नक्कल करणाऱ्या एकाला त्याने सांगितले, “तुला नीट जमत न्हाई. मी शिकवतो ये.” त्याचा बाप हे सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता.

गेल्या रविवारी सकाळी माझा टेलिफोन वाजला. उचलला, तर पलीकडे नुसता श्वास. एरवी चुकीचा नंबर म्हणून मी ठेवून दिला असता. शिडीची सर्वांत वरची पायरी मला आठवली. मी काही बोललो नाही, त्याच्या वतीने तर नाहीच. बऱ्याच वेळाने पलीकडून त्याचे नाव आले, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

आपण येताजाता मुलांना नाव विचारतो. विचारलेच आहे, तर उत्तर येईपर्यंत थांबूही या.